खेळ संपेस्तोवर

सिस्टर, उद्या पुन्हा सामना आहे आणि मी काय करावं ते मला कळत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीच्या दगडावरची अक्षरं आता बोट फिरवूनच वाचावी लागतात. तरी आज दुपारी जेवणं झाल्यावर भांडी तशीच ठेवून मी कागद घेऊन बसले आहे. घरात बोलायला माणूस नाही असं नाही. सून आहे, शेजारीण आहे. पण त्यांना सांगायचं तर पहिल्यापासून खेळ समजावून द्यावा लागतो. चेंडू हातात धरायचा, पण फार धरून पळायचं नाही, मध्येच जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या बोटांवरून हातात उडवून घ्यायचा. आडव्या दांडीच्या वरून मारला तर एक पॉइंट, खालून जाळीत मारला तर तीन. एवढं सांगून होईपर्यंत ऐकणारीचा चहा संपतो आणि ती म्हणते, "असं व्हय? मग कोण जिंकलं?" तुम्हाला हे सांगावं लागत नाही. आयर्लंडमधल्या तुमच्या गावाहून हा खेळ तुम्हीच इथं कॉन्व्हेंटच्या शाळेत आणलात. त्याचं खरं नाव गेलिक फुटबॉल, हे आमच्या कित्येक मुलींना अजून ठाऊक नाही. बिदरपासून आळंदपर्यंतच्या शाळांमध्ये त्याला सिस्टरबॉलच म्हणतात.

तुम्ही फुटबॉलच्या गोलाच्या दोन्ही खांबांना वर बांबू बांधून घेतलेत तो दिवस मला आठवतो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही केसांना तेल लावून रांगेत उभ्या आहोत, आणि फाटकाबाहेर बाजाराला निघालेली माणसं थांबून बघतायत. एक म्हातारा विचारतो, "मांडव घालायलाव काय वो? लगीन कुणाचं?" तुम्हाला मराठी नीट कळत नव्हती. स्वयंपाकघरातल्या खाला तुम्हाला जी दखनी शिकवायच्या तीच तुमची भाषा. तुम्ही झग्याच्या बाह्या सारून त्याला म्हणालात, "शादी नक्को, बाबा. खेल." आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो होतो. आज ते आठवलं की हसू येत नाही.

या वर्षी माझ्या संघाची जी कप्तान आहे तिची गोष्ट सांगायला मी बसले आहे. मी शाळेतल्या नोकरीतून कधीच निवृत्त झाले, पण दिवाळीनंतर तुमची स्पर्धा सुरू झाली की मैदानावर मीच जाते. दुसरं कोणी जात नाही. ही पोरगी बारावीला आहे. उंच, काटकुळी, आणि चेंडू वर असला की तिघीचौघींच्या डोक्यांवरून तो अशी काढून आणते जशी तुम्ही चिंचा काढायचात. तिच्या आज्याची मेंढरं होती, ती कधीच विकली. बाप बिदरजवळच्या कोळारला एका गोदामात पोती उचलतो. तिला अठरा पूर्ण झाली, तेव्हा कायद्याचं नाव घेऊन मला काही करता येत नाही. धाकट्या दोन बहिणी आहेत. बापाची पाठ गेली आहे. हे पाठीचं मला आधी माहीत नव्हतं.

पहिल्या सामन्याला तो आला होता. पोरगी त्या दिवशी अशी खेळली की कडेला बसलेले बाप्ये उठून उभे राहिले. तेवढ्यात त्याच्या शेजारचा कोणी ओरडला, "काय अण्णा, पोरगी माकडावानी उड्या मारायली की! लगीन कवा करतूस हिचं?" सगळे खिदळले. स्थळ आलेलं होतं, ते मला नंतर कळलं. मुलगा टेम्पो चालवतो, निर्व्यसनी, घरचं बरं. त्याचा मामा त्या गर्दीतच बसला होता. बापाने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा बोलला, "जवर माजी लेक ह्या खेळात हाय, तवर लगनाचं नाव काढायचं न्हाई कुणी! खेळ संपू द्या, मग बघू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाच्या मामानेही वाजवल्या. मीही वाजवल्या, सिस्टर. मला वाटलं, केवढा अभिमान आहे या माणसाला. तो बोलला ते अभिमानानेच, यात शंका नाही. पण आपल्याकडे चारचौघांत बोललेला शब्द माणसाला कसा बांधून टाकतो ते तुम्ही पाहिलं आहे. संध्याकाळपर्यंत त्याचा करार झाला. खेळ संपेस्तोवर थांबू, खेळ संपला की साखरपुडा, आणि लागलीच लग्न.

म्हणजे या हंगामात आम्ही जिंकत गेलो ते चषकासाठी नाही. एक सामना जिंकला की ती पुढच्या सामन्यापर्यंत वर्गात बसते, इतका साधा हिशोब. बाकीच्या मुलींना हे माहीत नव्हतं. त्या आपल्या धावत होत्या, भांडत होत्या, गुडघे फोडून घेत होत्या. मला माहीत होतं, आणि कडेला उभी राहून मी एकेक पॉइंट बोटांवर मोजायचे. तुम्ही मला इतकी वर्षं शिकवलंत की हरणं हे जेवणातल्या मिठासारखं असतं, थोडं पोटात गेलंच पाहिजे. या वर्षी मी एकही पराभव सोसू शकत नव्हते.

लग्नानंतर परीक्षा देईल की, असं तुम्ही म्हणाल. तिच्या बापानेही तेच म्हटलं. गेल्या वर्षीच्या आमच्या गोलकीपरच्या घरच्यांनीही तेच म्हटलं होतं. सासरहून परीक्षेला पाठवतो म्हणाले, मोठ्या मनाने म्हणाले. तिचं हॉल तिकीट मी घेऊन ठेवलं होतं. ते अजून माझ्या कपाटात आहे.

येळवशीच्या दिवशी त्यांच्याकडून जेवायचं बोलावणं आलं. अमावास्येला सगळा मुलूख रानात असतो. त्यांनी पावण्याची दोन एकर जमीन बटईने केली आहे, तिथे कडब्याची कोप घालून पूजा मांडली होती. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. पोरगी मला वाढते आहे आणि बहिणींना दटावते आहे, "मिसच्या पानात हात घालू नका गं!" आणि मी भज्जी चिवडत विचार करते आहे, की आज बोलायचं. शेवटी बोलले. म्हटलं, अण्णा, मार्चमध्ये परीक्षा आहे, तेवढी होऊ द्या. त्याने ज्वारीचं एक कणीस तळहातावर चोळलं. मग म्हणाला, "बाई, मी खेळ संपंस्तोर म्हणलो. परीक्षा म्हणलो न्हाई. आता त्या माणसांला काय सांगू? शब्द काय रबर हाय का, वडून लांबवायला?" मी म्हटलं, पोरगी हुशार आहे. तो म्हणाला, "हुशार हाय म्हनूनच मागणी आली. बाई, तुमाला खोटं वाटंल, सकाळी मला हिची आई धरून उठवती. म्या बसलो खाली की ह्या तिघींचं कोण बघायलंय?" तो वाईट माणूस असता तर मला किती सोपं गेलं असतं.

निघताना तिची आई बांधापर्यंत आली. डोक्यावरचा पदर दातात धरून, इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "अक्का, दोन म्याच आणिक वाढवून घ्या की वो. तुमच्याच हातात हाय न्हवं समदं?"

सिस्टर, तेव्हा मला तुम्ही दिसलात, आमच्या गावच्या आमच्या स्वयंपाकघरात. दहावीच्या वर्षी दिवाळीला मी घरी गेले आणि अप्पांनी सांगितलं, आता पुरे. तुम्हाला कुणी कळवलं कोण जाणे. तुम्ही भालकीपर्यंत बसने आलात आणि पुढे काळ्या मातीतून चालत. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. आईने तुम्हाला बसायला पाट दिला आणि तव्यावरची भाकरी न् ठेचा. तुमचं तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तुम्ही म्हणालात, "बहोत अच्छा." आई तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात माझ्या शाळेचा विषय निघाल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. अप्पा दारात उभे. तुम्ही त्यांना एवढंच म्हणालात, "बच्ची का खेल बाकी है." अप्पांनी विचारलं, "किती बाकी?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "बाकी है." परक्या मुलखातली बाई चिखल तुडवत एका खेळासाठी आली, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून अप्पांनी मला तुमच्याबरोबर धाडलं. तेव्हा स्पर्धा दिवाळीआधीच उरकायची. बसमध्ये मी म्हटलं, सिस्टर, आपली स्पर्धा तर संपली. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तिसऱ्या आठवड्यात गुलबर्ग्याच्या सिस्टर लोकांचा संघ आमच्याशी खेळायला आला. झगे कमरेला खोचून धावणाऱ्या त्या बायका, त्यातल्या एकीचा चष्मा चिखलात, आणि शाळेची घंटा वाजवणारा शिपाई पोट धरून हसतोय. मग आणखी एक सामना निघाला, मग आणखी एक. मार्च आला. मी परीक्षा दिली. माझं पुढचं सगळं आयुष्य, माझा पगार, माझी सही, त्या तुम्ही काढलेल्या सामन्यांतून आलं आहे.

पण मला एकही सामना काढता आला नाही. आता स्पर्धेत पाचातल्या तीनच शाळा उरल्या आहेत आणि सामन्यांच्या तारखा दिवाळीआधीच मोबाइलवरच्या गटात ठरून जातात. त्या बघणारा तरुण सर भला आहे, पण त्याला हे काम लवकर उरकायचं असतं. मी त्याला विचारून पाहिलं, एखादा मैत्रीचा सामना? तो म्हणाला, "मॅडम, मैदानावर जानेवारीनंतर बस उभ्या राहणार आहेत. पुढल्या वर्षी स्पर्धा होईल का तेच बघायचंय." कोळारला मी पोरीच्या बापाला भेटायलाही गेले. गोदामाच्या दारात सरकीच्या पोत्यांचा वास, आणि तो पाठीला पट्टा बांधून पायरीवर बसला होता. मला बघून उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. मी "बसा, बसा" म्हटलं आणि तशीच परत आले.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. तुमचे बांबू कधीच गेले, आता लोखंडी नळ्या आहेत, पण लोक अजून त्याला मांडवच म्हणतात. समोरच्या संघाच्या मुली दणकट होत्या. शेवटाला आम्ही एका पॉइंटने मागे होतो, आणि मी मनात हिशोब करत होते की आज तिची शाळा संपते. तेवढ्यात गोलाच्या अगदी तोंडाशी आमच्या मुलीला पाडलं आणि पेनल्टी मिळाली. समोर फक्त गोलकीपर. पेनल्टी ही कप्तानच मारते आणि नेहमी खाली डाव्या कोपऱ्यात, डोळे मिटून सुद्धा. तीन पॉइंट, म्हणजे आम्ही विजेते. सगळं मैदान ओरडतंय, "खाली मार गं! खाली!" तिने चेंडू ठेवला. मग मान वळवून माझ्याकडे नाही, बापाकडे बघितलं. तो मुलाच्या मामाशेजारी बसला होता, तोंडाशी टॉवेल धरून. मग ती धावली आणि तिने चेंडू दांडीवरून, दोन्ही खांबांच्या बरोबर मधून, आभाळात मारला. एक पॉइंट. बरोबरी. शिट्टी झाली.

लोकांनी तिला काय काय म्हटलं! "भेदरली." "हातात आलेलं घालवलं." आमच्याच गोलकीपरने तिच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली आणि जमिनीवर बसून रडायला लागली. ती नळावर जाऊन तोंड धुवत होती. मी जवळ गेले. रागाने, खरं तर. म्हटलं, "कामून? कामून वर मारलीस?" तिने ओल्या तोंडाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मिस, खेळ संपला का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?" ती म्हणाली, आणि ओढणीने तोंड पुसत आपल्या रडणाऱ्या गोलकीपरकडे गेली.

तोपर्यंत तो तरुण सर माझ्याकडे आला होता. "मॅडम, टॉस करून टाकू. न्हाईतर पाच-पाच किक. त्यांची बस थांबलीय." आणि सिस्टर, माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. तुम्हाला आठवतं का, वसतिगृहाच्या आणि गावातल्या मुलींचा सामना बरोबरीत सुटला होता, पाऊस येत होता, आणि मी शहाणपणाने म्हटलं होतं की नाणं उडवू. तुम्ही माझ्यावर तेवढ्या एकदाच इतक्या चिडलात. सगळ्यांसमोर मला म्हणालात, "सिक्का दौडा क्या मैदान में? दौडा कौन?" मी मान खाली घालून उभी. मग तुमचा आवाज उतरला. तुम्ही सांगितलंत की तुमच्या गावी बरोबरी झाली की लोक खूष होतात, कारण मग पुन्हा एका रविवारी सगळ्यांनी सायकली काढून यायचं. बरोबरी म्हणजे पुन्हा सामना, हा नियम तेव्हापासून इथे कुणी मोडला नाही. मी त्या सराला म्हटलं, "नाणं धावलं का मैदानात?" त्याने मोबाइल काढून तारखा चाळल्या. पुढच्याच्या पुढचा रविवार ठरला.

पोरीचा बाप हळूहळू चालत आला. "आता, बाई?"

"पुन्हा सामना. नियम आहे."

त्याने खांबांच्या वर, चेंडू गेला त्या आभाळाकडे बघितलं. मग मुलाच्या मामाकडे. मग म्हणाला, "सिस्टरनं लई चांगला नियम करून ठिवलाय." त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच समजलं नाही.

तो रविवार उद्या आहे. काल त्याचा फोन आला. "बाई, रविवारी ती माणसं साखर घिऊनच येणार हैत. दुसऱ्यांदा थांबणार न्हाईत म्हनलेत. पण तसंच झालं तर बोललोय त्याच्या भाईर मी न्हाई." तसंच म्हणजे कसं, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उद्या हरलो तरी खेळ संपतो. जिंकलो तरी संपतो. तुम्ही शिकवलेल्या या खेळात मी प्रत्येक गोष्टीची तयारी मुलींकडून करून घेतली आहे. वाऱ्यात कसं मारायचं, दमल्यावर कसं पळायचं. पण बरोबरी कशी करायची हे शिकवता येत नाही. एकदा होते, सुदैवाने आणि एका पोरीच्या धाडसाने. दुसऱ्यांदा ती कोण आणून देणार? आणि बाकीच्या मुलींचं काय? ती गोलकीपर पंधरवडाभर पहाटे येऊन एकटीच भिंतीवर चेंडू मारते आहे. तिला हा चषक हवा आहे. तिच्याही घरी कपाटात ठेवायला दुसरं काही नाही.

आज सकाळी सराव संपल्यावर कप्तान मागे राहिली. जाळ्या गुंडाळताना माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मिस, उद्या काय करू?" इतकी वर्षं मुलींनी मला हा प्रश्न विचारला आहे आणि मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं आहे. डावीकडून जा. चेंडू लवकर सोड. आज मी तिच्या हातातून जाळीचं एक टोक घेतलं. मग म्हटलं, "पळ. शिट्टी होईपर्यंत पळ." ती "बरं" म्हणाली. हे काय उत्तर झालं, सिस्टर? तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत? की तुम्ही सुद्धा खिडकीबाहेर बघितलं असतंत?

शाळा सोडताना तुम्ही मला जो चेंडू दिलात, किल्ल्याजवळच्या चांभाराकडून दोनदा शिवून घेतलेला, तो अजून माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पितळी डब्यांशेजारी आहे. हवा धरत नाही. सून म्हणते टाकून द्या. आज मी तो खाली काढला, पुसला आणि परत ठेवला. हे पत्रही त्याच्याखालीच सरकवीन. तुमच्या दगडापाशी नेऊन ठेवावं असं आधी वाटलं होतं, पण आता तुम्ही हे वाचू नये असंच मला वाटतं, कारण एक सांगायचं राहिलं. खेळाचं काही चॅपलमध्ये मागायचं नाही, देवाला स्कोअर सांगायचा नाही, असं तुम्ही आम्हाला बजावलं होतंत, आणि मी, जी तुमच्या धर्माची सुद्धा नाही, ते इतकी वर्षं पाळलं. आज सराव झाल्यावर मी चॅपलमध्ये गेले. शेवटच्या बाकावर, तुम्ही बसायचात तिथे गुडघे टेकले. विजय मागितला नाही. बरोबरी मागितली. आणि उठता उठता पुन्हा खाली बसून, त्याच्या पुढच्या रविवारचीही मागून घेतली.